फ्लोरिडातील छत्तीस दिवस

मतदान यंत्रे येण्यापूर्वी ज्यांनी मतदान केले आहे, त्या वाचकांना फुलीचा तो रबरी शिक्का आठवत असेल. ती फुली साधी नव्हती. तिच्या टोकांना एका दिशेने वळलेले बाण होते. मतपत्रिकेची घडी करताना ओली शाई समोरच्या भागावर उमटे आणि एकाच मतपत्रिकेवर दोन उमेदवारांसमोर दोन खुणा दिसत. अशा वेळी ते मत बाद करायचे काय? बाणांची वळणे पाहून खरी खूण कोणती आणि घडीमुळे उमटलेली उलटी छाया कोणती, हे मोजणाऱ्या अधिकाऱ्याला ओळखता येत असे.

हा लहानसा तपशील आम्हांला मोठा वाटतो. मत खुणेच्या रूपाने पेटीत पडते, पण मोजायचा असतो तो त्या खुणेमागचा माणसाचा मनोदय. खूण पुसट असेल, दुहेरी असेल, भलत्याच जागी असेल, तर ती कशी वाचावी? हा प्रश्न कोण जिंकणार हे कळण्याआधी सोडवला, तर त्याचा नियम होतो; कोण जिंकणार हे दिसू लागल्यावर सोडवायला बसले, तर त्याचा झगडा होतो. इ. स. २००० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत असाच झगडा झाला. सहा कोटी नव्हे, सहा लाख नव्हे, सहाशेहून कमी मतांवर जगातील सर्वांत बलाढ्य देशाचे अध्यक्षपद अडकून पडले. छत्तीस दिवस चाललेल्या त्या वादाची हकीगत आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत. कारण तिच्यातला प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही.

निर्वाचकांचे गणित

अमेरिकेचा अध्यक्ष जनतेच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत ज्या राज्याचे जितके सभासद, तितके निर्वाचक त्या राज्याला मिळतात. राजधानी वॉशिंग्टनचे तीन धरून ही संख्या ५३८ होते आणि विजयासाठी २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्या उमेदवाराला सर्वाधिक मते पडतात, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक पडतात. मग तो एका मताने पुढे असो की दहा लाखांनी.

७ नोव्हेंबर २००० रोजी मतदान झाले. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर, तर रिपब्लिकन पक्षाचे टेक्सासचे राज्यपाल जॉर्ज डब्ल्यू. बुश. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा ५ लाख ४३ हजारांहून अधिक मते जास्त पडली. तरीही निकाल अडला तो एका राज्यावर. २५ निर्वाचकांचे फ्लोरिडा ज्याचे, त्याचे अध्यक्षपद, अशी स्थिती निर्माण झाली.

त्या रात्री दूरचित्रवाणीने मोठाच घोटाळा केला. संध्याकाळी आठच्या आत तिने फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकले. दहाच्या सुमारास ते परत घेतले. मध्यरात्र उलटून दोन वाजल्यानंतर बुश यांना दिले. गोर यांनी बुश यांना दूरध्वनी करून अभिनंदन केले आणि पराभव मान्य करण्याचे भाषण करण्यासाठी ते नॅशव्हिल शहरातील सभास्थानाकडे निघाले. वाटेत असतानाच त्यांच्या सहकाऱ्यांना कळले की, फ्लोरिडातील अंतर झपाट्याने घटत आहे. गोर यांनी पुन्हा दूरध्वनी केला आणि दिलेली कबुली मागे घेतली. पहाटे वाहिन्यांनीही आपला शब्द गिळला. पहिली मोजणी संपली तेव्हा सुमारे ५९ लाख मतांत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी असेल, तर यंत्राने फेरमोजणी करावी, असा फ्लोरिडाचा कायदा होता. ती होताच हे अंतर काहीशांवर आले. वादाला खरी सुरुवात झाली ती येथे.

फुलपाखरू आणि टिकली

अमेरिकेत निवडणूक घेण्याचे काम प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने करते आणि राज्यातही ते कौंटी या, आपल्या जिल्ह्यासारख्या, विभागाकडे असते. आपल्याकडे निवडणूक आयोग जशी देशभर एकच पद्धत राबवतो, तसे तेथे नाही. त्यामुळे फ्लोरिडाच्या एका कौंटीत मतपत्रिका एका प्रकारची, तर शेजारच्या कौंटीत निराळीच.

पाम बीच ही निवृत्त वृद्धांची मोठी वस्ती असलेली कौंटी. दहा उमेदवारांची नावे एकाच पानावर बसवायची, तर अक्षरे बारीक करावी लागली असती. वृद्धांना वाचता यावे म्हणून तेथील निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षरे मोठी ठेवली आणि नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली. छिद्रे पाडण्याची रांग मात्र मधोमध एकच होती. पंख पसरलेल्या फुलपाखरासारख्या दिसणाऱ्या या मतपत्रिकेत गोर यांचे नाव डाव्या पानावर दुसरे होते, पण त्यांचे छिद्र तिसरे होते. दुसरे छिद्र होते उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे. त्या कौंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मते पडली. आसपासच्या विभागांतील त्यांचे बळ पाहता हा आकडा इतका अवाजवी होता की, यांतील पुष्कळशी मते आपली नसावीत, असे खुद्द ब्युकॅनन यांनीच दूरचित्रवाणीवर कबूल केले. याखेरीज १९ हजारांहून अधिक मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी दोन छिद्रे पाडलेली आढळली. ती सगळी मते बाद झाली. अनेकांना आपली चूक मतदान केंद्राबाहेर पडल्यावर उमगली. चांगल्या हेतूने केलेली सोय कशी उलटते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. फेरमतदान घ्यावे म्हणून लोक न्यायालयात गेले, पण पेटीत पडलेले मत परत काढून घेता येत नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर रोजी ती मागणी फेटाळली.

दुसरी अडचण होती छिद्रांची. अनेक कौंट्यांत मतदाराला एक जाड कागदी पत्रिका मिळे. ती चौकटीत सरकवून उमेदवारासमोरच्या जागी सळईने टोचायचे, म्हणजे आधीच खाचून ठेवलेली एक इवलीशी टिकली गळून पडे. या टिकलीला तिकडे 'चॅड' म्हणतात. मोजणीयंत्र छिद्रातून आरपार जाणारा उजेड पाहून मत नोंदवी. परंतु टोचताना जोर कमी पडला, सळई तिरपी गेली किंवा चौकटीत जुना कचरा साचलेला असला, तर टिकली गळत नसे. कधी ती एका कोपऱ्याला लोंबकळत राही, कधी दोन कोपऱ्यांना. कधी नुसताच खड्डा पडे. उजेड आला नाही की यंत्राच्या लेखी त्या माणसाने अध्यक्षपदासाठी मतच दिलेले नसे.

अशी कोरी ठरलेली आणि दुहेरी खुणांमुळे बाद झालेली मते राज्यात मिळून पावणेदोन लाखांच्या घरात होती. अंतर काहीशे मतांचे आणि न वाचलेली मते पावणेदोन लाख! आता ही मते वाचायची कोणी, कोणत्या कसोटीने आणि कधीपर्यंत, हाच प्रश्न उरला.

नियम ज्याला जसा सोयीचा

फ्लोरिडाच्या कायद्यात एक उदार तत्त्व होते: मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल, तर मत बाद करू नये. पण हेतू 'स्पष्ट दिसणे' म्हणजे काय? दोन कोपरे सुटलेली टिकली चालेल की एक? नुसता खड्डा पुरे काय? याविषयी कायदा मुका होता. एका कौंटीच्या मोजणी मंडळाने खड्डेही मोजले, दुसरीने बरेचसे नाकारले. पाम बीचच्या मंडळाने तर मोजणी चालू असतानाच कसोटी बदलली. मतपत्रिका उजेडाकडे धरून भिंगातून डोळे ताणून पाहणाऱ्या मोजणी मंडळाच्या सभासदांची छायाचित्रे जगभर छापली गेली. पुष्कळांना त्यांचे हसू आले. आम्हांला मात्र ते दृश्य करुण आणि थोडे आदरणीयही वाटते. कुणा अनामिक म्हातारीने सळईने काय सांगू पाहिले, हे समजून घेण्याचा तो प्रयत्न होता.

मुदतीबाबतही तीच गत. कौंट्यांनी आपले आकडे सात दिवसांत, म्हणजे १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचे होते. उशिरा आलेल्या आकड्यांचे काय करायचे? कायद्याचे एक कलम म्हणे, ते दुर्लक्षित केले जातील. दुसरे म्हणे, दुर्लक्षित करता येतील. दोन शब्दांतील ही फट वकिलांना पुरेशी होती.

अंतिम शब्द होता राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिस यांचा आणि त्या बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष होत्या. राज्यपाल होते जेब बुश, म्हणजे उमेदवाराचे सख्खे भाऊ. ते निकाल प्रमाणित करणाऱ्या मंडळातून बाजूला झाले, एवढे म्हटले पाहिजे. राज्याचे महाधिवक्ता बॉब बटरवर्थ हे गोर यांच्या प्रचाराचे राज्यातील प्रमुख. पंचच खेळाडूंच्या संघातले असले, तर त्यांचा योग्य निर्णयही लोकांना पटत नाही.

प्रत्येक मत मोजा, ही गोर यांची घोषणा होती. तिच्यात नैतिक बळ होते. पण कायद्याने त्यांनी हातमोजणी मागितली ती पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया या चारच कौंट्यांत, जेथे त्यांच्या पक्षाचे मतदार अधिक होते. १५ नोव्हेंबरला त्यांनी दूरचित्रवाणीवरून, बुश यांची संमती असेल तर सबंध राज्यात हातमोजणी करू, असा प्रस्ताव मांडला. बुश यांनी तो त्याच रात्री नाकारला. सर्व ६७ कौंट्यांतील मोजणीसाठी गोर यांनी आरंभीच रीतसर अर्ज केला असता, तर त्यांची बाजू कितीतरी सबळ झाली असती, असे आमचे मत आहे.

बुश यांची बाजू नियमाच्या अक्षराला चिकटून होती: यंत्राने दोनदा मोजले आहे, मुदत संपली आहे, आता माणसांच्या लहरीवर मोजणी नको. पण बुश यांनी स्वतःच्या टेक्सास राज्यात १९९७ मध्ये ज्या कायद्यावर सही केली होती, त्यात मतपत्रिकेवरील नुसता खड्डाही मत म्हणून धरण्याची तरतूद होती. पुढे परदेशांतून टपालाने आलेल्या मतपत्रिकांचा प्रश्न आला. त्यांत सैनिकांची मते पुष्कळ होती आणि काहींवर टपालाचा शिक्काच नव्हता. येथे दोन्ही पक्षांनी अंगरखे बदलले. मतदाराचा हेतू पाहा, म्हणणारे डेमोक्रॅटिक वकील आता शिक्का नाही म्हणून मते बाद करू लागले. नियम म्हणजे नियम, म्हणणारे रिपब्लिकन वकील सैनिकाचे मत तांत्रिक कारणाने फेकू नका, असा टाहो फोडू लागले. ही मते धरून बुश यांची आघाडी ९३० झाली.

कोणत्याही पक्षाला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. निकाल डोळ्यांसमोर ठेवून नियम शोधायला बसले की भली माणसेही असेच करतात. म्हणूनच नियम आधी हवा.

घड्याळाशी शर्यत

२१ नोव्हेंबर रोजी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत वाढवली. दुसऱ्याच दिवशी मायामीत एक अशोभनीय प्रकार घडला. मोजणी मंडळाने काम एका लहान खोलीत हलवताच जमावाने दारे ठोठावून आरडाओरडा केला; या जमावात वॉशिंग्टनहून आलेले रिपब्लिकन पक्षाचे कर्मचारी बरेच होते. काही तासांतच मंडळाने वेळ अपुरा असल्याचे कारण देऊन मोजणी सोडून दिली. सुमारे ९ हजार मतपत्रिका तशाच राहिल्या. पाम बीचच्या मंडळाने अहोरात्र काम केले, पण मुदतीत ते पूर्ण झाले नाही. त्यांचे संपूर्ण आकडे स्वीकारले गेले नाहीत. त्या संध्याकाळी हॅरिस यांनी निकाल प्रमाणित केला. बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. अंतर ५३७.

गोर यांनी या निकालालाच आव्हान दिले. दहा लाखांहून अधिक मतपत्रिका भाड्याच्या ट्रकांतून शेकडो मैल दूर राजधानी टालाहासी येथे नेण्यात आल्या. त्यांवर वाहिन्यांची हेलिकॉप्टरे घिरट्या घालत होती. कनिष्ठ न्यायालयाने मात्र त्यांतील एकही मतपत्रिका न पाहता दावा फेटाळला. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय फिरवला आणि राज्यातील सर्व कोऱ्या ठरलेल्या मतपत्रिका हाताने तपासण्याचा आदेश दिला. कसोटी मात्र पुन्हा तीच सांगितली: मतदाराचा हेतू. तो कसा ओळखावा, हे याही वेळी सांगितले नाही.

९ डिसेंबरच्या शनिवारी सकाळी राज्यभर मोजणी सुरू झाली. दुपारी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती थांबवली. न्यायमूर्ती स्कालिया यांचे म्हणणे असे की, वैधता संशयास्पद असलेली मते मोजली, तर बुश यांच्या विजयावर मळभ येऊन त्यांचे भरून न येणारे नुकसान होईल. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे उत्तर असे की, कायदेशीरपणे दिलेले मत मोजल्याने कोणाचेही असे नुकसान होऊ शकत नाही. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी भारदस्त आहेत. आमचे मन दुसऱ्याकडे झुकते, हे आम्ही लपवीत नाही.

१२ डिसेंबरच्या रात्री दहाच्या सुमारास निकाल लागला. सातजणांना एवढे मान्य होते की, एका कौंटीत खड्डा मत ठरतो आणि दुसरीत ठरत नाही, ही गोष्ट सर्व नागरिकांना समान वागणूक देण्याच्या घटनेतील तत्त्वाशी विसंगत आहे. परंतु त्यावर उपाय काय? सूटर आणि ब्रेयर हे न्यायमूर्ती म्हणाले, एकच कसोटी ठरवून मोजणी पुढे चालू द्या. पाचजणांचे बहुमत म्हणाले, आता वेळ उरला नाही. १८८७ च्या कायद्यानुसार राज्याने आपले वाद १२ डिसेंबरपर्यंत मिटवले, तर त्याचे निर्वाचक निर्विवाद धरले जात आणि ती तारीख संपायला दोनच तास उरले होते. शनिवारी मोजणी थांबवणारेच मंगळवारी वेळ संपल्याचे सांगत होते, हे अनेकांना खटकले. या निकालाचा विचार आपल्यासमोरील परिस्थितीपुरताच आहे, असेही बहुमताने लिहून ठेवले. बहुमतातील पाचही न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. पण विरोधात लिहिणारे स्टीव्हन्स आणि सूटर हेही रिपब्लिकन अध्यक्षांनीच नेमलेले होते, हे विसरून चालणार नाही.

त्या १८८७ च्या कायद्यातील एक अट फारशी कोणी सांगत नाही. वाद मिटवायचा तो निवडणुकीपूर्वी केलेल्या नियमांनुसार, असे त्यात म्हटले होते. हा कायदा एका जुन्या जखमेतून जन्मला होता. ७ नोव्हेंबर १८७६ च्या निवडणुकीतही तीन राज्यांच्या निकालांवर वाद झाला होता आणि त्यांत फ्लोरिडा होतेच. तेव्हा कोणताच नियम नसल्याने पंधरा जणांचा आयोग नेमला गेला. त्याने आठ विरुद्ध सात मतांनी, पक्षनिष्ठेनुसार कौल दिला आणि कमी लोकमते मिळालेले रदरफोर्ड हेज १८५ विरुद्ध १८४ निर्वाचकांनी अध्यक्ष झाले. त्यानंतर दक्षिणेतील उरलेल्या राज्यांतून सरकारी सैन्याचा पाठिंबा काढून घेण्यात आला आणि नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नागरिक पुढे अनेक दशके निराधार झाले. वरच्यांच्या तडजोडीची किंमत बहुधा खालचेच मोजतात.

स्वतःच्या पराभवाची मोजणी

१३ डिसेंबर रोजी अल गोर यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले. न्यायालयाच्या निर्णयाशी आपण तीव्रपणे असहमत आहोत, पण तो आपण स्वीकारतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. असहमती आणि स्वीकार हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवणे सोपे नसते.

त्याहून अवघड प्रसंग पुढे होता. ६ जानेवारी २००१ रोजी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांसमोर निर्वाचकांची मते मोजायची होती. अध्यक्षस्थानी घटनेनुसार उपाध्यक्ष, म्हणजे स्वतः गोर. कनिष्ठ सभागृहातील कृष्णवर्णीय सभासद एकामागून एक उभे राहिले आणि फ्लोरिडाच्या निर्वाचकांवर आक्षेप घेऊ लागले. आक्षेपावर सिनेटच्या निदान एका सभासदाची सही लागे आणि एकही सिनेटर सही करायला तयार नव्हता. आपल्याच बाजूने उठलेला प्रत्येक आक्षेप गोर यांनी नियमानुसार फेटाळला. मग त्यांनी जाहीर केले: बुश २७१, गोर २६६. राजधानीच्या एका निर्वाचकाने मतच दिले नव्हते.

या दृश्याला दुसरी बाजूही आहे आणि ती आम्ही झाकणार नाही. त्या सभासदांचा आक्रोश पोकळ नव्हता. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने जून २००१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, फ्लोरिडात कृष्णवर्णीय मतदाराचे मत बाद होण्याचा संभव इतरांच्या तुलनेत जवळजवळ दहापट होता. जुनी यंत्रे गरीब वस्त्यांत अधिक होती. मतदार याद्यांतून गुन्हेगारांची नावे काढताना निरपराध लोकांची नावेही गळली होती. ड्यूव्हल कौंटीत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची यादी दोन पानांवर होती आणि नमुना मतपत्रिकेत प्रत्येक पानावर मत देण्याची सूचना होती. ती प्रामाणिकपणे पाळणाऱ्या हजारोंची मते दुहेरी ठरून बाद झाली. गोर यांच्या संयमाने देशात शांतता राहिली हे खरे. पण त्या शांततेत ज्यांचे मत हरवले, त्यांना कोणीच उत्तर दिले नाही.

मागाहून उघडलेल्या पेट्या

मग खरे कोण जिंकले होते? काही मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन शिकागोतील एका संशोधन संस्थेकडून १,७५,०१० वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते दोन्ही पक्षांना अडचणीचे ठरले. गोर यांनी मागितलेल्या चार कौंट्यांची मोजणी पूर्ण झाली असती, तरी बुश सुमारे २२५ मतांनी जिंकले असते. फ्लोरिडाच्या न्यायालयाने आदेश दिलेली मोजणी पुरी झाली असती, तरीही बुश जिंकले असते. अंतर सुमारे ४९३. मात्र राज्यातील कोऱ्या आणि दुहेरी अशा सर्व वादग्रस्त मतपत्रिका पाहिल्या असत्या, तर कसोटी कोणतीही लावा, गोर ६० ते १७१ मतांनी पुढे गेले असते. कारण पुष्कळ मतदारांनी उमेदवारासमोर खूण करून शिवाय त्याचेच नाव खाली हाताने लिहिले होते. यंत्राला ती दोन मते वाटली. माणसाला तो एकच, दोनदा सांगितलेला मनोदय दिसला.

म्हणजे गोर यांना हवी असलेली मोजणी झाली असती, तर ते हरले असते. आणि ज्या मोजणीने ते जिंकले असते, ती रीतसर कोणी मागितलीच नव्हती. 'प्रत्येक मत' या शब्दांचा अर्थ शब्दशः घेतला असता, तर गोष्ट निराळी झाली असती. आमच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणाचा बोध येथे आहे. फायद्यापुरता न्याय मागणाऱ्याला कधीकधी फायदाही मिळत नाही आणि न्यायही.

पुढे काय झाले

२००२ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून छिद्रांच्या मतपत्रिका हद्दपार करण्यासाठी पैसा दिला. फ्लोरिडातील अनेक कौंट्यांनी घाईघाईने कागद नसलेली यंत्रे घेतली. टिकल्यांचा त्रास संपला, पण २००६ मध्ये सारासोटा भागातील काँग्रेसच्या निवडणुकीत सुमारे १८ हजार मतदारांची मते कोरी नोंदली गेली आणि निकाल लागला ३६९ मतांनी. पुन्हा मोजायचे म्हटले, तर मोजायला कागदच नव्हता! पुढे फ्लोरिडाने कागदी मतपत्रिका परत आणल्या.

आपल्या देशातही हाच विचार झाला. २००४ पासून लोकसभेच्या सर्व जागांसाठी मतदान यंत्रे आली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठीची गरज मान्य केली आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट यंत्र ठेवण्यात आले. मत दिल्यावर काचेआड सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी म्हणजे उद्याच्या वादासाठी आज जपून ठेवलेला पुरावा होय. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहाव्यात, असे ठरले. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने फेटाळली. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. पण किती मोजायचे हे मतदानाआधी ठरले आहे आणि ते सर्व पक्षांना सारखेच लागू आहे, ही गोष्ट मोलाची.

तरीही केवळ कागद आणि नियम पुरेसे नाहीत, हे अमेरिकेनेच पुढे दाखवून दिले. २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका एकदा यंत्राने, एकदा हाताने आणि पुन्हा यंत्राने मोजल्या गेल्या. तिन्ही वेळा जो बायडन पुढे राहिले. अखेरचे अंतर ११,७७९ होते. फ्लोरिडात जे घडू शकले नाही, ते सारे येथे घडले. पण पराभूत अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ते मानले नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी, ज्या सोहळ्यात वीस वर्षांपूर्वी गोर यांनी स्वतःचा पराभव जाहीर केला होता, त्याच सोहळ्याच्या दिवशी जमाव संसदभवनात घुसला. एका वेळी मोजणी अपुरी राहिली आणि पराभूताने मान तुकवली. दुसऱ्या वेळी मोजणी पुरी झाली आणि पराभूताने ती झुगारली. लोकशाहीला पुरी मोजणीही लागते आणि तुकणारी मानही लागते.

आपल्या ग्रामपंचायती, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, इतकेच काय, धर्मग्रामातील मंडळे येथेही निवडणुका होतात आणि दोन-चार मतांनी माणसे जिंकतात व हरतात. चिठ्ठीवर नाव अर्धवट लिहिले असेल, दोन नावांसमोर खूण असेल, तर काय करायचे, हे पेटी उघडण्यापूर्वी किती ठिकाणी ठरलेले असते? पेटी उघडल्यावर हा प्रश्न निघाला की शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो आणि तो अबोला कधीकधी पुढच्या पिढीपर्यंत टिकतो. पुढच्या वेळी पेटीचे कुलूप काढण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून तेवढे ठरवून घ्यावे आणि ते सर्वांसमक्ष वाचून दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे. फ्लोरिडाला त्या पाच मिनिटांऐवजी छत्तीस दिवस लागले आणि तरीही मोजणी पुरी झाली नाही.